खदीजा : एका नावाचा अर्थ आणि विजापूरची बडी साहेबा

वाईत १६५९ सालची गोष्ट निघाली की दोन नावं लगेच पुढे येतात. शिवाजी महाराज आणि अफझलखान. पसरणीचा घाट, जावळीचं रान, प्रतापगडाचा पायथा, सगळं इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. पण या गोष्टीत आणखी एक व्यक्ती आहे. वाईशी तिचा संबंध फक्त कागदाचा आणि हुकमाचा, पण अफझलखानाला या मोहिमेवर धाडलं तिनेच. बखरीत ती 'बडी साहेबीण', नाटक-सिनेमात 'बडी बेगम'. पडद्याआड बसलेली, डोळे वटारून हुकूम सोडणारी. 'बडी साहेबा' म्हणजे थोरली बाई. हा झाला मान, नाव नव्हे. तिचं नाव काय, असं विचारलं तर भले भले थांबतात.

तिचं नाव खदीजा. खदीजा सुलताना. गोवळकोंड्याची शहजादी, विजापूरची राणी आणि पुढे आदिलशाहीचा कारभार हातात घेतलेली बाई.

हे नाव आपल्याला परकं नाही. वाई, सातारा, कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत मुस्लिम घरांत एखादी तरी खदीजा असतेच. कुठे खतिजा, कुठे खतिजाबी. 'द' चा 'त' झाला म्हणून पुष्कळांना वाटतं की आपल्या आजीने नाव बिघडवलं. तसं काही नाही. तुर्कस्तानात याच नावाचं हातिजे होतं, बोस्नियात हातिजा, मलय मुलखात खतिजा आणि कातिजासुद्धा. माणसाच्या जिभेला जे सोपं ते टिकतं. फक्त शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि मतदार यादीत तिसरं असं होऊ देऊ नका. नंतरची धावपळ जीव काढते.

आता अर्थ. मुलीचं नाव ठेवताना आपण पुस्तकं चाळतो, मोबाइलवर शोधतो. तिथे खदीजा या नावापुढे 'आदरणीय', 'विश्वासू', 'पवित्र' असं काहीबाही लिहिलेलं असतं. हे गुण खरे, पण ते हजरत खदीजा (र.अ.) यांचे. 'पवित्र' हा अर्थ तर त्यांच्या 'ताहिरा' या लौकिकाचा आहे, खदीजा या शब्दाचा नाही. शब्दाचा अर्थ अगदी वेगळा आहे आणि तो ऐकून काही आईबापांचा चेहरा पडतो. खदीजा म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेली. आपल्या भाषेत सातमाशी, आठमाशी.

अरबी शब्द तीन मूळ अक्षरांवर उभे असतात. इथे ती अक्षरं खा, दाल आणि जीम. हा शब्द उंटांच्या कळपातून आला. उंटिणीने दिवस पुरे होण्याआधी पिलू टाकलं की अरब हे क्रियापद वापरत. याच धातूपासून 'खिदाज' हा शब्द आहे. सूरह फातिहा न वाचता अदा केलेली नमाज खिदाज, म्हणजे अपुरी राहते, ही हदीस आपल्यातल्या अनेकांनी मदरशात ऐकलेली असते. त्यामुळे कोणी तरी अर्धवट माहितीवर म्हणतो, की खदीजा म्हणजे अपुरी, असलं नाव कशाला ठेवायचं? आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी घरी येऊन विचारते, मी अपुरी आहे का?

जुन्या अरबी कोशकारांनी इथे एक बारीक फरक नोंदवून ठेवला आहे. उंटिणीने लवकर पिलू दिलं, पण ते अंगाने पुरतं घडलेलं असेल, तर क्रियापदाचं रूप 'खदजत'. दिवस पूर्ण भरूनही पिलू अंगाने अपुरं निघालं, तर रूप 'अखदजत'. आपली खदीजा पहिल्या रूपाच्या बाजूची मानावी, असं आमचं मत. लवकर आलेली, पण पुरती घडलेली. हे समजावून सांगितलं की मुलीला ते नीट कळतं. खोटा गोड अर्थ सांगायची गरज पडत नाही.

जन्माच्या वेळची परिस्थिती नावात उतरवायची ही रीत अरबांचीच आहे असंही नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचं नाव 'नकुशा' ठेवलं जायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींना शोधून त्यांची नावं बदलण्याचा कार्यक्रम केला होता. नकुशा आणि खदीजा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकीत मुलगी नको होती हा राग आहे. दुसरीत मुलगी लवकर आली आणि जगली, एवढी नोंद आहे. आणि हे नाव चौदाशे वर्षं टिकलं ते शब्दाच्या अर्थामुळे नाहीच. ते टिकलं एका बाईमुळे.

मक्केच्या कुरैश कबिल्यातल्या खुवैलिद यांची ही कन्या. स्वतःच्या मालाचे काफिले शामपर्यंत पाठवणारी व्यापारीण. इस्लाम येण्याआधीच मक्केत लोक तिला ताहिरा म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा सचोटीचा लौकिक ऐकून तिने आपला माल त्यांच्या हाती शामला पाठवला, सोबत आपला गुलाम मैसरा दिला. मग निकाह झाला. रिवायतींप्रमाणे तेव्हा त्या ४० वर्षांच्या आणि प्रेषित २५ वर्षांचे. संसार २५ वर्षांचा. हिरा गुहेतून प्रेषित थरथरत घरी आले तेव्हा सर्वांत आधी विश्वास ठेवला तो त्यांनी. कुरैशांनी हाशिमी घराण्यावर बहिष्कार टाकला, तीन वर्षं उपासमारीची गेली, तेव्हा त्यांची सगळी दौलत त्यात संपली. इ.स. ६१९ मध्ये त्यांचं निधन झालं. प्रेषितांचे चुलते अबू तालिब हेही त्याच वर्षी गेले आणि ते साल दुःखाचं साल म्हणून ओळखलं जातं. त्यांची कबर मक्केच्या जन्नतुल मुअल्ला कब्रस्तानात आहे. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून आम्ही इथे थोडक्यात आवरतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. लहानगे हजरत अली (र.अ.) याच घरात वाढले. खदीजांच्या पोटचे नव्हते, पण त्यांच्या हाताखाली मोठे झाले आणि पुढे त्यांची मुलगी फातिमा यांच्याशी त्यांचा निकाह झाला.

उम्मुल मोमिनीन, म्हणजे सगळ्या ईमानवाल्यांची आई, हा मान ज्यांना मिळाला त्यांचं नाव मग मुलींना पडत गेलं. मालदीव बेटांवर तर चौदाव्या शतकात खदीजा नावाची सुलताना गादीवर होती. प्रवासी इब्न बतूता तिच्या राज्यात काझी होता. आणि दख्खनमध्ये गोवळकोंड्याच्या महालात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव एका शहजादीला ठेवलं गेलं.

तिचे वडील सुलतान मुहम्मद कुतुबशहा. आई हयात बख्शी बेगम, म्हणजे हैदराबाद वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशहाची मुलगी. या हयात बख्शीचं नाव हैदराबादजवळच्या हयातनगरला आजही आहे. वडील १६२६ मध्ये गेले, भाऊ अब्दुल्ला लहान वयात गादीवर बसला आणि कारभारात आईचा शब्द चालू लागला. म्हणजे पडद्यामागून राज्य कसं चालवायचं, हे खदीजाने माहेरीच पाहिलं होतं.

१६३३ च्या सुमारास तिचं लग्न विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाशी झालं. गोलघुमट बांधला तोच हा. तिच्या रुखवतासोबत गोवळकोंड्याहून जी माणसं आली त्यांत मलिक खुशनूद नावाचा एक गुलाम होता. हा खुशनूद पुढे दख्खनी भाषेचा नावाजलेला कवी झाला आणि विजापूरचा वकील म्हणून परत गोवळकोंड्याच्या दरबारातही गेला. दख्खनी म्हणजे आपल्या घरात आजही बोलली जाते ती बोली. मराठीचे शब्द तिच्यात बेलाशक मिसळलेले. दरबारची भाषा फारसी असताना या राणीने बोलीला जवळ केलं. तिने कमाल खान रुस्तमी या कवीला सांगून फारसीतला खावरनामा दख्खनीत आणवला. १६४९ सालचं हे काम, सुमारे २४,००० शेरांचं. दख्खनीत इतकं मोठं काव्य आधी नव्हतं. विषय काय, तर हजरत अलींच्या शौर्याच्या कथा. पहिल्या खदीजांच्या जावयाची गोष्ट या खदीजाने लिहून घेतली, असंही म्हणता येईल. गोवळकोंड्याचं कुतुबशाही घराणं शिया, त्यामुळे विषयाची निवड समजण्यासारखी आहे.

१६४६ मध्ये नवरा आजारी पडला तो पुन्हा नीट उठलाच नाही. विजापुरात दंतकथा आहे की हाशिम पीरांनी आपल्या आयुष्यातली दहा वर्षं सुलतानाला देऊन टाकली आणि स्वतः डोळे मिटले. आजार मरणाचा होता आणि सुलतान पुढे दहा वर्षं जगला, एवढं यातलं इतिहासाला धरून आहे. या दहा वर्षांत राज्य कोण चालवत होतं? हळूहळू सगळी सूत्रं बडी साहेबाकडे आली. वाईचा सुभा अफझलखानाकडे आला तोही याच काळात, १६४९ च्या सुमारास. म्हणजे १६५९ मध्ये खान वाईला आला तो परक्या गावी नव्हे. इथली वसुली, इथले देशमुख, इथल्या वाटा त्याला दहा वर्षं माहीत होत्या.

१६५६ हे साल तर मायलेकींसाठी एकदमच कठीण निघालं. वर्षाच्या सुरुवातीला औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा दिला. अब्दुल्ला किल्ल्यात अडकला. तेव्हा म्हातारी हयात बख्शी बेगम स्वतः औरंगजेबाच्या छावणीत गेली आणि तह घडवून आणला. त्यात नात औरंगजेबाच्या मुलाला द्यावी लागली, खंडणी कबूल करावी लागली, पण राज्य वाचलं. इकडे जानेवारीत शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, म्हणजे वाईच्या वरचा सगळा डोंगर विजापूरच्या हातून गेला. आणि नोव्हेंबरमध्ये मुहम्मद आदिलशहाचं निधन झालं.

खदीजाने १८ वर्षांच्या अलीला गादीवर बसवलं. हा अली तिच्या पोटचा नव्हता, तिने वाढवलेला होता, असं बहुतेक इतिहासकार मानतात. औरंगजेबाने नेमका यावरच बोट ठेवला. अली हा खरा वारस नाही, असं म्हणत १६५७ मध्ये मुघल फौज विजापूरवर आली. बीदर गेलं, कल्याणी गेली. विजापूर पडणार असं दिसत असताना शहाजहानने तह करायला लावला, मग तो आजारी पडला आणि औरंगजेबाला दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेकडे जावं लागलं. एक खदीजा, तिने वाढवलेला एक अली, आणि त्या अलीवरून झालेलं भांडण. या नावांचा हा मेळ आम्हाला वाचताना जाणवला, म्हणून सांगितला. त्यातून काही सिद्ध करायचं नाही.

नाव उम्मुल मोमिनीनचं आहे म्हणून बडी साहेबाचं सगळंच चांगलं म्हणायचं, हेही आम्हाला पटत नाही. वजीर खान मुहम्मद मुघलांना आतून मिळाला असा संशय आला, तेव्हा १६५७ च्या अखेरीस त्याला विजापुरात मारलं गेलं. हुकूम तिच्याकडूनच सुटला होता. दरबारात गट होते, सरदार एकमेकांवर टपलेले होते आणि बाईच्या हाताखाली काम करणं अनेकांना झोंबत होतं, हे सगळं मान्य. तरी झालं ते खूनच.

आणि मग १६५९. मुघल उत्तरेत गुंतलेले, तेवढ्यात मावळातली बाजू सावरायची, असा दरबाराचा हिशेब. जून १६५९ मध्ये मावळच्या देशमुखांना अफझलखानाला सामील होण्याची फर्मानं सुटली. कान्होजी जेध्यांनी फर्मान घेऊन थेट शिवाजी महाराजांकडे जाऊन इमान कळवलं. खंडोजी खोपडे खानाकडे गेला. खानाच्या फौजेत मराठे सरदार होते, मंबाजी भोसल्यांसारखे भोसले कुळातलेही होते. प्रतापगडाच्या भेटीला महाराजांनी सोबत नेलेल्या दहा जणांत सिद्दी इब्राहिम होता. आज या लढाईचं जे काही करून ठेवलं जातं, ते ऐकणाऱ्याने ही दोन्हीकडची नावं एकदा शांतपणे वाचावीत.

खान वाईला आला आणि पावसाळा इथेच काढला. वाई सपाट, कृष्णेचं पाणी, घोड्यांना चारा. जावळीत शिरायचं तर घोडदळाचा काही उपयोग नाही, हे त्याला ठाऊक होतं. महाराजांनी वाईला यावं म्हणून कृष्णाजी भास्कर हा वकील गेला. तिकडून पंताजी गोपीनाथ आले. महाराज वाईला आले नाहीत, खानच घाट उतरून पार गावाकडे गेला. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

त्या भेटीत बडी साहेबाचा हात किती होता? राजापूरच्या इंग्रज वखारीतल्या रेव्हिंग्टनने बरोबर एक महिन्याने, १० डिसेंबरला, एक पत्र पाठवलं. त्यात तो सांगतो की खानाबरोबर घोडदळ आणि पायदळ मिळून दहा हजार माणसं होती, एवढ्या बळावर शिवाजी आवरणार नाही हे राणी ओळखून होती, म्हणून तिने खानाला मैत्रीचा देखावा करायला सांगितलं. राजापूर हे बंदर विजापूरकरांच्याच मुलखातलं, बातमी ताजी. तिरपा डाव तिने सुचवला, हे त्या पत्रावरून मानायला हरकत नाही. पण त्याच पत्रातून दुसरीही गोष्ट दिसते. आपली फौज कमी पडेल हे दरबारात ओळखणारी ती होती. नाटकातली बडी बेगम नुसती रागावते. पत्रातली राणी हिशेब करते. तो हिशेब चुकला.

पुढचं सगळं झपाट्याने घडलं. वाई गेली. प्रतापगडानंतर १८ दिवसांत, २८ नोव्हेंबरला पन्हाळा गेला. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला, जुलैमध्ये महाराज तिथूनही निसटले. आता अली २२ वर्षांचा झाला होता आणि सूत्रं स्वतःकडे घेत होता. हा अली पुढे 'शाही' या तखल्लुसने दख्खनीत कविता करणारा सुलतान झाला, नुसरतीसारखा कवी त्याच्या पदरी होता. बोलीची ही आवड त्याला कुठून लागली, हे खावरनामा आठवला की कळतं.

बडी साहेबाने दरबार सोडला आणि हजची तयारी केली. दख्खनच्या राणीने हजला जाणं त्या काळी सोपं नव्हतं. समुद्रावर पोर्तुगीजांची दहशत. डचांशी मात्र विजापूरचे संबंध बरे होते, १६३७ पासून वेंगुर्ल्याला त्यांची वखार आदिलशाही मुलखातच होती. १६६१ च्या सुमारास ती डच जहाजातून येमेनच्या मोखा बंदराला गेली आणि तिथून मक्केला. तेव्हापासून तिच्या नावाला हाजी जोडलं गेलं, हाजी बडी साहेबा. ज्या शहरात ती उतरली तिथेच, मुअल्लाच्या कब्रस्तानात, तिचं नाव पहिल्यांदा मोठं करणाऱ्या खदीजांची कबर होती. तेव्हा तिच्यावर घुमट होता, तो विसाव्या शतकात पाडला गेला.

विजापूरच्या गोलघुमटाखाली मुहम्मद आदिलशहाच्या शेजारी त्याच्या दोन बेगमांच्या, ताज जहाँ आणि अरूस बीबी यांच्या कबरी दाखवतात. रंभा या कलावंतिणीचीही आहे. खदीजाची कबर तिथे दाखवत नाहीत. तिने लिहून घेतलेला खावरनामा मात्र शिल्लक आहे. त्याची चित्रं काढलेली हस्तलिखित प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेली आहे.